बेपत्ता माणसाची बायको

आमच्या सोसायटीत स्वातंत्र्यदिनाला दरवर्षी काहीतरी नवीन करायचं असतं. नवीन म्हणजे शेजारच्या सोसायटीने गेल्या वर्षी केलेलं. जुईनगरच्या कुठल्याशा सोसायटीने एका निवृत्त कर्नलच्या हातून झेंडा फडकवला, त्याचे फोटो आमच्या सेक्रेटरीच्या फोनवर आले, आणि तेव्हापासून त्या माणसाच्या डोक्यात भुंगा शिरला. त्यालाही एक सैनिक हवा होता. पण आमच्या चार बिल्डिंगांत मिळून बँकवाले, विमावाले, मार्केटातले दोन मसाल्याचे व्यापारी आणि परदेशी मुलांचे आईबाप. बंदूक कोणी दिवाळीपलीकडे हातात घेतलेली नाही.

हा सेक्रेटरी एका कंपनीच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेला. आयुष्यभर खुर्च्या, पंखे आणि पाण्याची पिंपं घासाघीस करून विकत घेतली. तीच घासाघीस तो आता बोलण्यात करतो. त्याला ठरलेल्या मापाचं उत्तर हवं असतं आणि ते मिळेपर्यंत तो प्रश्न विचारत राहतो. माझा नवरा रोज सकाळी त्याच्याबरोबर ट्रॅकवर चालायला जातो. नवऱ्याचा स्वभाव असा, की समोरच्याला काय हवंय ते ओळखून तो तेवढं पुरवतो. चालता चालता तो बोलून गेला, "माझा मामा दुसऱ्या महायुद्धात गेला होता. ब्रह्मदेशात. परत आलाच नाही. आईला सगळं आठवतं."

त्याच दुपारी सेक्रेटरी आमच्या दारात उभा.

सासूबाई तेव्हा पंचाण्णव वर्षांच्या होत्या. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, गुडघे गेले होते, पण डोकं लखलखीत. बंद केलेल्या बाल्कनीत त्यांची कॉट होती. तिथे बसून त्या लसूण सोलायच्या, माझ्या हातच्या भाकरीला नावं ठेवायच्या आणि नेरूळच्या हवेलाही. सातारा जिल्ह्यातलं त्यांचं माहेर. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या, पन्नास वर्षं तिथे काढली आणि आम्ही इथे फ्लॅट घेतला तेव्हा आमच्याबरोबर आल्या. एका छपराखाली आम्ही दोघींनी तीस वर्षांच्या वर काढली. त्यांना भाऊ होता एवढंच मला ठाऊक होतं. तो लढाईत गेला हेही ठाऊक होतं. त्यापुढे मी कधी विचारलं नाही. ऑफिस, गाडी, स्वयंपाक, मुलं, असं कारण मी देऊ शकते, पण ते खोटं आहे. मला उत्सुकताच नव्हती. सेक्रेटरीला शिव्या घालण्याआधी हे लिहून टाकते.

"आजी, आपण शेवटच्या साक्षीदार आहात," तो म्हणाला. हे वाक्य त्याने घरून तयार करून आणलं होतं. फोन स्टँडवर लावला, मला ट्यूबलाइट लावायला सांगितली, सासूबाईंच्या मागची औषधांची पिशवी काढायला लावली. मग विचारलं, "भाऊ देशासाठी लढायला निघाले तो दिवस सांगा."

"देशासाठी कशाचा? बुटापायी गेला त्यो," सासूबाई म्हणाल्या.

सेक्रेटरी हसला. त्याला वाटलं म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. तो मोठ्याने म्हणाला, "देशासाठी, आजी, देशासाठी!"

"ऐकलं की. बुटापायी."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाजारच्या दिवशी भरतीवाला यायचा. चिंचेखाली खुर्ची टाकून बसायचा, पोरांच्या छात्या मोजायचा. त्याच्या पायात तांबडे चकचकीत बूट. भाऊ एकोणीस वर्षांचा, जन्मात वहाणेपलीकडे काही घातलेलं नाही. दोन बाजार तो नुसता बूट बघत उभा राहिला. तिसऱ्या बाजारी घरी आलाच नाही.

"सुट्टीला आला तवा बूट घालून आला. आईनं घरात येऊ दिलं न्हाई. चामड्याचं म्हनून. मग गोठ्यात खुंटीला टांगलं. त्यो सकाळ-सांच गोठ्यात जायाचा आन् बूट पुसत बसायचा. आमी लई हसायचो."

त्याच सुट्टीत त्याचं लग्न लावून दिलं. मुलगी शेजारच्या गावची, पंधरा वर्षांची. नवराबायको एका घरात राहिले ते बावीस दिवस. मग तो गेला.

"पत्रं यायची?" सेक्रेटरीने विचारलं.

"यायची. दुसऱ्याच्या हातनं लिवलेली. खुशाल हाय, तुमी खुशाल ऱ्हावा. पुढं तीबी ऱ्हायली. मग एक कागद आला. मास्तरनं वाचला. ठावठिकाणा लागत न्हाई म्हनला. आई म्हनली, मेला आसं लिवलंय का? मास्तर म्हनला, न्हाई. आई म्हनली, म्हंजी जित्ता हाय माजा. झालं."

सेक्रेटरी पुढे सरसावला. बेपत्ता हा शब्द त्याला आवडला असावा. "लढाई कशी झाली ते काही कळलं होतं? जंगल, जपानी, बाँब?"

बारा-चौदा वर्षांची पोर साताऱ्याकडच्या खेड्यात शेण गोळा करत होती, आणि हा गृहस्थ तिला ब्रह्मदेशातल्या जंगलाचं विचारत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विषय सोडून आपलंच पुढे चालू केलं. त्या दुपारी त्यांना भावाबद्दल बोलायचं नव्हतंच. त्यांना बोलायचं होतं ते त्यांच्या वहिनीबद्दल.

लढाई संपली. आसपासच्या गावांतली माणसं एकेक परत यायला लागली. कोणी मिसरातून, कोणी इटलीतून, कोणी एक हात ठेवून. गावाच्या चावडीपाशी त्याच्या आधीच्या लढाईचा दगड होता. या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, इतकी मेली, एवढंच त्यावर कोरलेलं. आकडे होते, नावं नव्हती. म्हशी त्याला अंग घासायच्या. परत आलेले त्या दगडाजवळ बसायचे आणि तिथून सासूबाईंच्या माहेरच्या ओट्यावर यायचे, कारण त्या घरी ऐकायला माणूस होतं. पहिला म्हणाला, तुमचा मुलगा मी रंगूनला पाहिला, तिकडच्या बाईबरोबर संसार मांडलाय. दुसरा म्हणाला, हगवणीने गेला, मीच माती टाकली. तिसरा म्हणाला, जपान्यांकडे धरला गेला आणि तिकडच्या फौजेत शिरला, इंग्रजाला घालवायला. तिघांनाही गुळाचा चहा मिळाला. चहा वहिनी करायची. कप बाहेर द्यायची आणि दाराआड उभी राहून ऐकायची.

"तिला कुनी कायबी इच्यारलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "आई इच्यारायची, आबा इच्यारायचं, गाव इच्यारायचं. ती नुसती चा करायची."

अशी नऊ वर्षं गेली. कुंकू लावायचं, कारण सासू म्हणते माझा मुलगा जिवंत आहे. पण हळदीकुंकवाला कोणी बोलवायचं नाही, कारण काही नक्की नाही. सवाष्णीत नाही, विधवेत नाही. सासूबाईंचं मध्यंतरी लग्न झालं, त्या मुंबईला आल्या आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. बाळंतिणीचं सगळं वहिनीने केलं. पहाटे उठून शेक दिला, अंग रगडलं, बाळाला न्हाऊ घातलं. बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी बायका जमल्या. बाळाला पाळण्यात घालायला वहिनी पुढे झाली. तेव्हा भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "हिला नका पुढं करू. हिचं काय नक्की न्हाई."

 वहिनी मागच्या दाराने न्हाणीकडे गेली. बायकांना वाटलं रडायला गेली असेल. थोड्या वेळाने परत आली तेव्हा कपाळ धुतलेलं होतं आणि दोन्ही हात मोकळे. बांगड्या तिने स्वतःच जात्यावर आपटून फोडल्या होत्या, मनगटाला रक्त होतं. सगळ्यांच्या मधोमध उभी राहून ती म्हणाली, "घ्या. आता झालं नक्की."

सासूबाई सोललेला लसूण परातीत सारखा करत राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिथून मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि सेक्रेटरीचाही. सेक्रेटरी खिशातल्या दुसऱ्या फोनवर कोणाला तरी अंगठा पाठवत होता.

"आईनं हंबरडा फोडला," सासूबाई म्हणाल्या. "आन् मी... मी वली बाळंतीन, खाटंवर बसल्याली. मी तिला म्हनलं, तूच मारलास माज्या दादाला. बारा दिस जिनं माजं सगळं काढलं तिला म्हनलं मी. तिनं दुसऱ्या दिशी बाळाला न्हाऊ घातलं आन् गेली."

"कुठे गेली?" हे मी विचारलं.

"भावाकडं. मग म्हमईला. गिरनगावात कुटं खानावळीत भाकऱ्या थापायची म्हनं." त्यांनी पुन्हा लसूण उचलला. "मला एकदा दिसली. भाजी बाजारात. कांदं घेत हुती. कपाळाला कुंकू, हे एवढं. माज्यापेक्षा मोटं. कुनी दुसरा केला का उगंच लावलं, देवाला ठावं. तिनं मला बगितलं आन् हसली. चांगली हसली. आन् मी त्वांड फिरवलं. हातातली भाजीची जुडी परत टोपलीत टाकली आन् चालू लागले."

"का?" मी म्हटलं.

"लाज वाटली."

"तिची?"

"माजी गं."

 आता या माणसाने काहीही न बोलता उठून जावं, असं मला वाटत होतं. त्याने घसा साफ केला. "आजी, हे सगळं ठीक आहे, पण हे जरा घरगुती झालं. आपण परत लढाईवर येऊ या का?"

"हीच लढाई," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडं एवढीच आली."

याहून सरळ उत्तर त्याला आयुष्यात कोणी दिलं नसेल. त्याने फोन स्टँडवरून काढला आणि मला म्हणाला, "मॅडम, मटेरियल कमी आहे, पण करू मॅनेज."

चार दिवसांनी त्याचा फोन आला. कमिटीत वाद झाला होता. एका सभासदाचं म्हणणं, इंग्रजांच्या फौजेतला माणूस स्वातंत्र्यदिनाला कसा चालेल? तो तर इंग्रजांचा नोकर. दुसऱ्याचं म्हणणं, मग पंधरा ऑगस्टला भजन ठेवा. इतक्या वर्षांनी इतक्या माणसांना या एका मुलाची आठवण झाली होती, ती तो चालेल की नाही हे ठरवण्यासाठी. सेक्रेटरीने तोडगा काढला होता. "तो तिसरा माणूस काय म्हणाला होता, आजींनी सांगितलं ना? तिकडच्या फौजेत गेला, इंग्रजांविरुद्ध. आपण तेच घेऊ या."

"त्याला काही पुरावा नाही," मी म्हटलं. "आणखी दोघांनी वेगळंच सांगितलं होतं."

"नाही असाही पुरावा नाही ना, मॅडम."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चहात बिस्किट बुडवत होता. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "कुणाचं काय नुकसान आहे?" आणि मी फोनवर म्हटलं, "बघा तुम्हाला काय योग्य वाटतं ते." सरकारी ऑफिसात पस्तीस वर्षं मी हेच वाक्य वापरलं. आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणून.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सगळे क्लबहाउसमध्ये जमले. सासूबाईंना दोघांनी खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत नेऊन ठेवलं. पडद्यावर सात मिनिटांची फिल्म. रणगाडे, विमानं, धुराचे लोट, आणि छाती दडपून टाकणारं संगीत. एका जाड आवाजाने सांगितलं, की सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वीराने मातृभूमीची हाक ऐकली. मग सासूबाई दिसल्या. "खुशाल हाय, तुमी खुशाल ऱ्हावा," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा विमानं सुरू झाली. शेवटी एका तरण्याबांड सैनिकाचा फोटो पडदाभर झाला. फेटा, कोरीव दाढी, उंचापुरा. आमच्या घरात भावाचा एकही फोटो नाही. कधीच काढला गेला नव्हता. हा कोण कुठला माणूस सेक्रेटरीला नेटवर सापडला होता.

"ह्यो कोन?" सासूबाईंनी मोठ्याने विचारलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा आवाज मोठाच असतो.

सेक्रेटरी माइकवरून म्हणाला, "आजी भावुक झाल्या आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शाल, श्रीफळ झालं. बायका रांगेने पाया पडल्या. ज्या बायका लिफ्टमध्ये त्यांची व्हीलचेअर आली की दुसऱ्या लिफ्टची वाट बघायच्या, त्याही. मग इडली आणि जिलबी. वहिनीबद्दल फिल्ममध्ये एक अक्षर नव्हतं.

पुढे जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. माणसं येऊ लागली. वरच्या मजल्यावरची बाई आपल्या नातवाला घेऊन आली, कोणी पाहुणे आणले, नावड्याहून नवऱ्याचा एक जुना सहकारी सहकुटुंब आला. सगळ्यांना लढाईची गोष्ट हवी होती. आणि सासूबाई सांगायला लागल्या. फिल्ममधली गोष्ट. भावाने हाक कशी ऐकली, आईने ओवाळलं कसं, जाताना त्याने मागे वळूनसुद्धा कसं पाहिलं नाही. तो उंच होता, असंही त्या सांगू लागल्या. दाढीही आली. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. मला वाटलं, वय झालं, सात मिनिटांच्या भिकार फिल्मने त्यांची ऐंशी वर्षांची आठवण पुसून टाकली.

एकदा पाहुणे गेल्यावर मी न राहवून विचारलं, "आई, असं कुठे झालं होतं? तुम्ही तर मला वेगळं सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. काही विसरलेलं नव्हतं. "ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "पर आसं सांगितलं की बसून ऐकत्यात गं. वैनीचं काडलं की फोन बगत्यात."

मला सेक्रेटरीची चीड आली होती तेवढीच त्या दिवशी त्यांचीही आली, हे कबूल करते. आपल्या वहिनीला त्यांनी तिसऱ्यांदा टाकलं, असं मला वाटलं. नंतर विचार केल्यावर चीड कुठे टाकावी ते कळेना. पंचाण्णव वर्षांच्या बाईला कोणीतरी पाचेक मिनिटं शेजारी बसायला हवं होतं. मी तीस वर्षांत बसले नव्हते.

निदान त्या दुपारचं रेकॉर्डिंग घरात असावं म्हणून मी सेक्रेटरीकडे गेले. चाळीस मिनिटांचं होतं ते, वहिनीसकट. तो बाकावर बसून कोणाला तरी पार्किंगवरून झापत होता. "ते होय? डिलीट केलं, मॅडम. नातीचा डान्स होता, फोनमध्ये जागा नव्हती. पण फायनल फिल्म आहे ना ग्रुपवर. एचडी आहे."

मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.  आपण काय गमावलं हे त्याला तेव्हाही कळलं नाही, आताही कळलेलं नाही. तो आजही भेटला की विचारतो, मॅडम, अजून रागावलात का? जणू त्याने माझ्या जागी गाडी लावली होती.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास सासूबाई गेल्या. आजारपण फारसं नव्हतं, दोन दिवस जेवल्या नाहीत आणि संपलं. सोसायटीच्या ग्रुपवर शोकसंदेश आला: स्वातंत्र्यलढ्याच्या शेवटच्या साक्षीदार. खाली जोडलेले हात, ओळीने पन्नास-साठ. त्यातला एक हात बागेच्या पाण्याच्या तक्रारीखाली चुकून पडला होता. मी ग्रुप सोडला.

मग मी हे लिहायला घेतलं. मला लिहिण्याची सवय नाही, ऑफिसात टिपणं लिहिली तेवढीच. सासूबाई जसं बोलल्या तसं आठवेल तेवढं उतरवलं. चाळीस मिनिटांतलं निम्मं तरी निसटलं असेल. लिहून झाल्यावर वही नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने चष्मा लावून एका बैठकीत वाचली. तो मध्ये एकदाच उठला, पाणी प्यायला.

"मला मामी होती?" तो म्हणाला.

सत्तरीला आलेला माणूस. आईच्या शेजारी बसून जन्मभर जेवला. मामा लढाईत गेला हे तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा, आणि मामाला बायको होती हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सेक्रेटरी बोलत होता त्या दुपारी हा आतल्या खोलीत क्रिकेट बघत होता.

"लालबागला असताना मी त्या खानावळींच्या गल्लीतून शाळेत जायचो," तो म्हणाला. "रोज." मग बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसला. मी दिवा लावला, कुकर चढवला.

"दिसायला कशी होती, काही म्हणाली का आई?"

मी म्हटलं, "नाही. मी विचारलं नाही."